तालुका पातळीवर हक्कांची देखरेख करायची आहे. नोंद नेमकी कशाची आणि कशी ठेवायची?

भीमाकाठ विचारतात:

तालुक्यात आठ जणांचा गट आहे. रेशन, महसुली दाखले, निराधार पेन्शन, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पोलीस ठाणं या पाच ठिकाणच्या तक्रारी आम्ही वर्षभर गोळा करतोय. बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर येतात: कुणी फोटो टाकतं, कुणी आवाजाचा मेसेज. आता यातून वर्षाचा अहवाल करून जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचा आहे. अडचणी अशा:

एक, तक्रारी ढीगभर, पण अधिकारी म्हणतात "पुरावा काय?". दोन, कुठली गोष्ट हक्कभंग म्हणून मोजायची आणि कुठली नुसती गैरसोय, यावर गटातच एकमत होत नाही. तीन, "तालुक्यात इतके टक्के लोकांना सेवा मिळत नाही" असं लिहायचं तर हिशोब कसा मांडायचा? चार, तक्रारदाराला नंतर त्रास होऊ नये म्हणून काय काळजी घ्यायची?

कुणाकडे नमुना फॉर्म असेल तर द्या, पण त्यामागचं कारणही सांगा. नुसता फॉर्म भरून घेतला तर पुन्हा तेच होईल.

---

आवक_जावक:

व्हॉट्सअ‍ॅपवर आली ती खबर. तिची नोंद होण्यासाठी चार गोष्टी लागतात: हक्क कुठून येतो (कायदा, अधिसूचना किंवा शासन निर्णय), त्यात ठरलेली मुदत किंवा प्रमाण किती, प्रत्यक्षात काय घडलं, आणि ते दाखवणारा कागद कोणता. पहिल्या दोन गोष्टी तक्रारदाराला माहीत असायची गरज नाही, त्या तुम्ही आधी भरून ठेवायच्या. तुमचा दुसरा प्रश्न इथेच सुटतो. ज्याला कायद्यात मुदत किंवा प्रमाण आहे आणि ते पाळलं गेलेलं नाही, तो हक्कभंग. "बाबू उद्धट बोलला" ही तक्रार खरी असते, पण ती वेगळ्या रकान्यात. दोन्ही एकत्र मोजलीत की अधिकारी नेमकी उद्धटपणाची तक्रार उचलून तिच्यावर अर्धा तास बोलतात आणि बैठक संपते.

दाखल्यांसाठी आधार महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. प्रत्येक कार्यालयाने अधिसूचित सेवा, मुदत, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी, प्रथम आणि द्वितीय अपिलीय अधिकारी यांचा फलक लावायचा असतो. पहिलं काम म्हणजे तालुक्यातल्या प्रत्येक कार्यालयाच्या फलकाचा तारखेसह फोटो. फलक नाही, किंवा आहे पण बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याचं नाव तसंच आहे, तर ती तुमची पहिली नोंद. तिला तक्रारदार लागत नाही, त्यामुळे कुणावर दबावही येत नाही.

आता मुदतीचा हिशोब. इथे भले भले घसरतात. समजा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज २ जूनला गेला. मुदत १५ दिवस, म्हणजे १७ जून. दाखला आला नाही किंवा अर्ज फेटाळला, तर तिथून ३० दिवसांत प्रथम अपील, म्हणजे १७ जुलैपर्यंत. (सबळ कारण असेल तर ९० दिवसांपर्यंतचं अपील दाखल करून घेता येतं, पण त्या भरवशावर राहू नका.) प्रथम अपील २० जूनला केलं आणि आदेशच आला नाही, तर ४५ दिवस झाल्यावर, म्हणजे ४ ऑगस्टनंतर, द्वितीय अपील. आदेश आला असेल तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत. त्यापुढे राज्य सेवा हक्क आयोग, ६० दिवसांत. कारण नसताना सेवा नाकारणाऱ्या किंवा लांबवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये शास्ती होऊ शकते. रक्कम किरकोळ वाटते, पण दंडाची नोंद कुठल्याच अधिकाऱ्याला परवडत नाही. त्यामुळे अपील दाखल झाल्यावर दाखला दोन दिवसांत हातात पडणं हे नेहमीचं. ते झालं तरी नोंद बंद करू नका. "मुदतीबाहेर, अपिलानंतर मिळाला" असा वेगळा शेरा ठेवा. नाहीतर वर्षाअखेरीस सगळं "निकाली" दिसतं.

मुदत सुरू होते ती सगळ्या कागदांसह पूर्ण अर्ज मिळाल्यापासून, आणि पळवाट इथेच आहे. सेतू केंद्रात माणसाने कागद दिले सोमवारी, चालकाने ते अपलोड केले पुढच्या शुक्रवारी, आणि तालुक्याला तो अर्ज शुक्रवारचा दिसला. नंतर "त्रुटी" लावून परत आला की घड्याळ पुन्हा शून्यावर. म्हणून फॉर्ममध्ये तीन तारखा वेगळ्या लिहा: कागद दिल्याची, पावतीवरची आणि त्रुटी लागल्याची. त्रुटीचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्या. एकाच प्रकारच्या अर्जाला दर वेळी वेगळी त्रुटी निघत असेल, तर ती त्रुटी नव्हे, टोलवाटोलवी. आणि ती दाखवायला त्या त्रुटी शेजारी शेजारी ठेवल्या तरी पुरतं.

पण सगळ्यात मोठा हक्कभंग या कशातच दिसत नाही: अर्ज घेतलाच नाही. "साहेब नाहीत", "सर्व्हर बंद आहे", "इष्टांक (ठरलेला कोटा) संपला", "आधी अमुक दाखला आणा". माणूस खिडकीवरून परत जातो, आणि कार्यालयाच्या लेखी तो आलेलाच नसतो. पोर्टलवर बहुतेक अर्ज मुदतीत निकाली दिसतात ते त्यामुळेही. यासाठी वेगळी "परत पाठवणी" नोंद ठेवा: तारीख, वेळ, कुठली खिडकी, काय शब्द वापरले, सोबत कोण होतं. आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तोच अर्ज सगळ्या कागदांच्या प्रतींसह स्पीड पोस्टाने पाठवा, पाकिटावर विषय लिहा, पोचल्याची ऑनलाइन नोंद छापून फॉर्मला जोडा. आता तोच नकार कागदावर आला. हाती दिला तर बारनिशीचा (टपाल घेणाऱ्या टेबलाचा) शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख, तिन्ही हवीत. नुसती सही मारलेली पोच पुढे कामाची नसते, कारण सही कुणाची हे ठरवता येत नाही.

---

तराजू:

रेशनपुरतं लिहितो, कारण तिथे देखरेख सगळ्यात सोपी आहे आणि गट ती सगळ्यात अवघड करून ठेवतात.

हक्क स्पष्ट आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला सरसकट ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. लोकांना "धान्य नीट मिळतं का?" विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "मिळतं की" असंच येतं. विचारायचं ते असं: कार्डावर किती नावं, त्यातली ऑनलाइन किती, या महिन्यात गहू किती, तांदूळ किती, पावती मिळाली का, पैसे घेतले का.

मग बारा अंकी शिधापत्रिका क्रमांक घ्या आणि महाराष्ट्राच्या ई-पॉस (रेशन दुकानातल्या अंगठा घेणाऱ्या यंत्राच्या) संकेतस्थळावर त्याच महिन्याचा व्यवहार बघा. कुणाच्या परवानगीशिवाय ती माहिती दिसते. पाच जणांच्या प्राधान्य कुटुंबाच्या नावावर २५ किलो उचल दिसते आणि घरात २२ आलं, तर ३ किलोचा फरक कागदावर आला. एका दुकानाच्या वीस कार्डांची अशी दोन रकान्यांची यादी केली की ती शंभर सह्यांच्या निवेदनापेक्षा जास्त बोलते. घरी आलेलं धान्य मात्र त्याच दिवशी तोलायचं. आठवड्याने विचारलं तर खाल्लेलं, दळलेलं सगळं मिसळतं आणि दुकानदार बरोबर तिथेच बोट ठेवतो. शक्य असेल तर दुकानाच्या बाहेर काटा घेऊन बसा. ताणकाटा चालेल, पण आधी एखाद्या प्रमाणित वजनाने तपासून घ्या आणि ते फॉर्मवर लिहा.

नेहमी दिसणारे प्रकार चार, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. धान्य कमी, ही दुकानदाराची चोरी: तहसीलच्या पुरवठा शाखेकडे तक्रार. थम (यंत्रावर अंगठा) लागत नाही म्हणून परत पाठवणं, हा प्रमाणीकरणाचा नकार: २०१७ सालीच केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना कळवलंय की आधार नसणं किंवा अंगठा न जुळणं यावरून कुणालाही धान्य नाकारायचं नाही, त्यामुळे हा सरळ हक्कभंग म्हणून नोंदवा. नावं ऑनलाइन नाहीत, ही डेटाची चूक: दुकानदाराशी भांडून उपयोग शून्य, दुरुस्तीचा अर्ज आणि त्याची पोच हवी. आणि इष्टांक शिल्लक नसल्याने कार्डच मिळत नाही, हा धोरणाचा प्रश्न: त्याला तालुक्यात उत्तर नाही, तो अहवालात स्वतंत्र जाऊ द्या. चारही "रेशन मिळत नाही" या एकाच मथळ्याखाली गेले की पुरवठा अधिकारी तिसऱ्या प्रकारावर बोलून पहिला दाबून टाकतात.

तक्रार आधी १९६७ या मोफत क्रमांकावर नोंदवून तिचा क्रमांक घ्या. पुढे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, त्यानंतर राज्य अन्न आयोग, अशी कायद्यातली उतरंड आहे. धान्य दिलंच नाही तर कलम ८ खाली अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. मागणारे फार थोडे, तुम्ही मागा. गावच्या दक्षता समितीचं शेवटचं इतिवृत्तही मागा. ते मिळालं नाही तर समिती कागदावरच आहे, हे वेगळं सांगायला नको.

---

आकडेमोड:

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. तक्रारींच्या ढिगातून टक्के काढता येत नाहीत, हे आधी मान्य करा. आलेल्या तक्रारींपैकी ६० टक्के रेशनच्या असतील तर त्याचा अर्थ एवढाच की तुमच्याकडे रेशनवाले जास्त येतात. "तालुक्यात इतके टक्के" म्हणायचं तर ज्यांनी तक्रार केलेली नाही, त्यांनाही विचारावं लागतं.

आठ जणांना झेपेल असा आराखडा: तालुक्यातल्या गावांची यादी घ्या, त्यात वाड्या, पाडे, वस्त्या वेगळ्या ओळीत लिहा, आणि चिठ्ठ्या टाकून आठ निवडा. त्यातल्या किमान तीन मुख्य गावापासून दूरच्या वस्त्या असतील असं आधीच ठरवा (वस्त्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या डब्यात). प्रत्येक ठिकाणी दहा घरं. घरं निवडताना सरपंचाच्या किंवा आशाताईंच्या सोबतीने फिरू नका. टोकाच्या घरापासून सुरुवात करून दर पाचवं किंवा सातवं घर घ्या. कुलूप असेल तर संध्याकाळी पुन्हा जा. शेजारचं घर धरलंत तर दिवसा घरी असणारेच यादीत येतात आणि मजुरीला जाणारे सुटतात. सेवा नाकारली जाण्याची शक्यता नेमकी त्यांची जास्त.

८० घरांपैकी २० घरांत धान्य कमी आढळलं, तर अहवालात "२५ टक्के" लिहा, आणि शेजारी "१५ ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान" असंही. ८० च्या नमुन्याला साधारण दहा टक्के इकडे-तिकडे धरावेच लागतात, आणि घरं गटागटाने घेतल्यामुळे थोडे जास्तच. २५.३ टक्के वगैरे लिहिलंत की जाणकार माणूस पुढचं वाचणार नाही. गाववार टक्के तर काढूच नका. दहा घरांतून गावाचा टक्का निघत नाही, तिथे "दहापैकी चार" एवढंच लिहायचं.

आणखी एक. "अर्ज केला का?" याला "नाही" म्हणणाऱ्यांना पुढचे प्रश्न गाळून टाकणारे फॉर्म सर्रास दिसतात. उलट करा. "नाही" आलं की "का नाही?" विचारा आणि उत्तराचे पाच-सहा संकेत आधीच ठरवा: माहीत नव्हतं, अर्ज घेतला नाही, पैसे मागितले, कागद नाहीत, पूर्वी गेलो होतो काही झालं नाही, गरज नाही. यातलं शेवटचं सोडून बाकी सगळे तुमच्या हिशोबात यायला हवेत. आवक_जावक म्हणतात तो खिडकीवरचा नकार आकड्यात पकडायची दुसरी कुठलीच वाट नाही.

तिसरा आकडा सरकारचाच घ्या, माहिती अधिकारातून. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एका विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मजकूर साधा: "१ एप्रिल ते ३१ मार्च या काळात आपल्या कार्यालयाकडे लोकसेवा हक्क अधिनियमाखाली आलेले अर्ज, मुदतीत निकाली, मुदतीनंतर निकाली, फेटाळलेले, त्रुटीसाठी परत केलेले, दाखल प्रथम अपिले, केलेली शास्ती. महिनानिहाय आणि सेवानिहाय." नावं मागू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केलाय, आणि व्यक्तिगत माहिती म्हणून नकार देणं त्यामुळे आणखी सोपं झालंय. संख्या मागितल्या की ते कारणच उरत नाही.

---

शेवटची_वाडी:

आरोग्य केंद्राबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. महाराष्ट्रात याची पद्धत तयार आहे, नव्याने शोधू नका. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात "लोकाधारित देखरेख" सुरू झाली: पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचा उस्मानाबाद अशा पाच जिल्ह्यांत आधी. गावबैठकीत लोकांनी सेवांना हिरवा, पिवळा, लाल रंग द्यायचा, त्याचं प्रगतीपुस्तक गावात लावायचं आणि मग आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा अशा पायऱ्यांवर जनसुनवाई. रंग वापरण्यामागचं कारण पक्कं आहे: वाचता न येणाऱ्या बाईलाही भिंतीवर आपल्या उपकेंद्राचा लाल चौकोन दिसतो, आणि परिचारिकेलाही.

काय तपासायचं ते थोडं ठेवा. औषधं: पॅरासिटामॉल, ओआरएस, लोहाच्या गोळ्या, कुत्रा चावल्यावरची लस, सर्पदंशाची लस. नोंदवहीतला किंवा ई-औषधी या सरकारी संगणक प्रणालीतला साठा आणि कपाटातला साठा एकाच भेटीत बघायचा. नोंदवहीत साठा आहे आणि कपाटात नाही, हा एक दोष. दोन्हीकडे नाही आणि मागणीपत्रही गेलेलं नाही, हा दुसरा. दोन्हीकडे नाही, पण मागणीपत्र गेलंय, तर दोष वरच्या भांडाराचा आहे आणि केंद्रातला डॉक्टर तुमचा साक्षीदार होऊ शकतो. त्याला आरोपी करू नका. पैसे: १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह उपचार मोफत आहेत, तेव्हा बाहेर पडणाऱ्या रुग्णाला "कशाकशाचे पैसे दिले?" आणि "बाहेरून काय आणायला सांगितलं?" हे दोनच प्रश्न. बाळंतपणासाठी २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे औषधं, तपासण्या, आहार, रक्त, येण्या-जाण्याचं वाहन सगळं मोफत. परतीचं वाहन मिळालं का ते हमखास विचारा. नेताना गाडी मिळते, घरी सोडताना "डिझेल नाही".

जनसुनवाईत घोळ होतो तो बहुतेक वेळा तयारीचा. आयत्या वेळी माईक फिरवला की पहिली पंधरा मिनिटं रस्ता, वीज, पाणी यात जातात. प्रकरणं आधी निवडा, दहा-बारा पुरेत. प्रत्येकाचं एक पान: तारीख, ठिकाण, काय मागितलं, काय घडलं, कागद, काय हवंय. ती पानं अधिकाऱ्यांना आठवडाभर आधी लेखी पोचवा. म्हणजे "मला आत्ताच कळतंय, चौकशी करतो" ही पळवाट बंद. आणि "काय हवंय" हा रकाना रिकामा राहता कामा नये. "न्याय मिळावा" लिहिलंत तर उत्तरही तसंच मोघम मिळेल. "सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारची ओपीडी सुरू राहावी आणि वेळ दारावर लावावी" असं लिहा. इतिवृत्तात प्रत्येक मुद्द्यापुढे अधिकाऱ्याचं पदनाम आणि तारीख घ्या, आणि त्याच संध्याकाळी त्यावर सही घ्या.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या निधीचा हिशोबही ग्रामसभेत विचारायला सोपा असतो. तिथून सुरुवात केली तर गावात लोक जमतात.

---

भीमाकाठ:

सगळ्यांचे आभार, हे कामाचं आहे. दोन गोष्टी अजून. एक, लोकशाही दिनात (अधिकारी दरमहा लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस) सगळ्या तक्रारी एकगठ्ठा द्याव्यात असं गटात काहींचं म्हणणं आहे. दोन, पोलीस ठाण्याचं कसं करायचं? अ‍ॅट्रॉसिटीच्या तीन प्रकरणांत गुन्हा नोंदवायलाच उशीर झालाय. तिथे लोक फॉर्मवर नाव लिहायला तयार नाहीत.

---

आवक_जावक:

लोकशाही दिनात एकगठ्ठा देऊ नका. तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते, विहित नमुन्यात, दोन प्रतींत, १५ दिवस आधी. न्यायप्रविष्ट आणि अपिलातली प्रकरणं घेत नाहीत. तालुक्याचा लोकशाही दिन तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. आधी तालुक्यात, तिथे काम झालं नाही तर जिल्ह्यात. तुमचा एकत्रित अहवाल तिथे "धोरणात्मक बाब" म्हणून परत येईल. त्यापेक्षा प्रत्येकाचा स्वतंत्र अर्ज करा. अहवाल वेगळा द्या आणि त्यात लोकशाही दिनाचे टोकन क्रमांक जोडा.

फक्त एक धोका: सेवा हक्काचं अपील करायचं असेल तर ते आधी. लोकशाही दिनाची वाट बघता बघता अपिलाचे ३० दिवस निघून जातात, आणि लोकशाही दिनातली तक्रार म्हणजे अपील नव्हे. तुमच्या ढिगातली अशी मुदतबाह्य प्रकरणंही फेकू नका. सेवा हक्क आयोग स्वतःहून दखल घेऊ शकतो. एकाच कार्यालयातली एकाच प्रकारची प्रकरणं एकत्र करून पाठवा.

---

कलम_चार:

पोलीस ठाण्याच्या प्रकरणांना दाखल्यांच्या फॉर्ममध्ये अजिबात घालू नका. तिथे मोजणीपेक्षा प्रत्येक प्रकरणाची तारीखवार साखळी महत्त्वाची: घटना, ठाण्यात गेल्याची वेळ, गुन्हा नोंदवल्याची वेळ, एफआयआरची मोफत प्रत मिळाली का, जबाब केव्हा, दोषारोपपत्र केव्हा. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या नियमांप्रमाणे तपास करून ६० दिवसांत दोषारोपपत्र जायला हवं. अर्थसाहाय्याचा पहिला हप्ता बहुतेक गुन्ह्यांत एफआयआरच्या टप्प्यावरच देय होतो. तो समाजकल्याणकडे अडकलाय की पोलिसांकडून प्रस्तावच गेला नाही, हे वेगवेगळं लिहा. गुन्हा नोंदवायला जाणूनबुजून टाळाटाळ करणं हा लोकसेवकासाठी त्याच कायद्याच्या कलम ४ खाली गुन्हा आहे.

ठाण्यात घेतलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने. तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी. टपालाची पावती ही तुमची मुख्य वस्तू. जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा घेणं बंधनकारक आहे. तिची इतिवृत्तं माहिती अधिकारात मागा. गेल्या चार तिमाहींत किती बैठका झाल्या, एवढी एक ओळसुद्धा अहवालात वजनदार ठरते, आणि तिला एकाही पीडिताचं नाव लागत नाही.

मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून एक वर्षाच्या आत. शुल्क नाही, वकील लागत नाही. पण निनावी, मोघम, न्यायप्रविष्ट किंवा नोकरीविषयक तक्रारी तिथे टिकत नाहीत. राज्य आयोगाकडे प्रकरण चालू असेल तर राष्ट्रीय आयोग ते घेत नाही. दोन्हीकडे एकदम अर्ज टाकणारे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात.

आता नावांबद्दल. संमती एकच नसते, तीन वेगळ्या घ्या आणि तीन वेगळ्या चौकोनांत: मोजणीत धरायला, नाव न सांगता अधिकाऱ्याला दाखवायला, आणि नावासह तक्रार करायला. पहिलीला "हो" आणि तिसरीला "नाही" म्हणणारे बरेच निघतात. त्यांना गमावू नका. फॉर्मवर फक्त संकेतांक, आणि संकेतांक कुणाचा ते सांगणारी वही दुसऱ्या घरात, एकाच माणसाकडे. छोट्या वस्तीत "विधवा, वय ३४, तिसरी मुलगी" एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो, म्हणून अधिकाऱ्याला द्यायच्या प्रतीत वय "३० ते ४०", गावाऐवजी महसूल मंडळ. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत पॉक्सोचं (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं) कलम २३ आहेच. अशी प्रकरणं अहवालात संख्येपलीकडे नकोत.

आणि तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यावर लोकांच्या आधार कार्डांचे, बँक पासबुकांचे फोटो वर्षभर पडून असणार, आणि ते आठही जणांच्या फोनच्या गॅलरीत आपोआप उतरलेले असणार. आजच आपोआप उतरवणं बंद करा. लागणारे कागद एका संगणकावर घेऊन आधारचे पहिले आठ अंक झाका, मग ग्रुपवरून आणि प्रत्येक फोनच्या गॅलरीतून काढा. गटातल्या एखाद्याचा फोन दुकानदाराच्या भावाच्या हातात पडला तर बाकीची सगळी काळजी वाया.

---

आकडेमोड:

कलम_चार यांच्या तीन चौकोनांत एक भर: संमती कधी घेतली ती तारीख, आणि "कधीही मागे घेता येते" हे वाचून दाखवल्याची खूण. दाखला हातात पडल्यावर बरेच जण "आता माझं नाव नको" म्हणतात. नाव काढा, पण मोजणीत धरायची पहिली संमती कायम आहे का ते तेव्हाच विचारून घ्या, नाहीतर काम झालेली सगळी प्रकरणं आकड्यातून गळतात.

---

तराजू:

माहिती अधिकाराचं उत्तर येईपर्यंत थांबायचं नसेल तर २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर दुसऱ्या दिवशी. दोघांनी जा, एकाने वाचायचं, एकाने लिहायचं. पान क्रमांक टिपून घ्या, प्रती नंतर त्या पानांच्याच मागता येतात, आणि "माहिती विस्तृत स्वरूपाची आहे" हे उत्तर मग देता येत नाही.